सारं घालू नकात

खताविषयी मी इंग्रजीत पुष्कळ लिहिलं आहे. बाल्कनीत झाडं लावणाऱ्या लोकांना सुबक पिशव्यांतून खत विकणारी एक कंपनी आहे. तिच्या पिशव्यांच्या मागच्या बाजूचा मजकूर मी घरबसल्या लिहिते. झाडालाही घरचं जेवण लागतं, अशा अर्थाचं एक वाक्य माझं आहे आणि ते इंग्रजीत बरं वाटतं. नायट्रोजन म्हणजे पानं, फॉस्फरस म्हणजे मुळं, पोटॅश म्हणजे फुलं आणि फळं, हे मी इतक्या वेळा लिहिलं आहे की झोपेतून उठवलं तरी सांगेन. मात्र मी जे सांगणार आहे ते घडेपर्यंत मी स्वतः कुठल्याही खताला हात लावला नव्हता. कंपनीने एकदा नमुन्याची पिशवी घरी पाठवली होती. वास येतो म्हणून आईने ती गेटाबाहेर ठेवली आणि दुपारपर्यंत ती कुणीतरी नेली. पिशवीवर माझं वाक्य होतं, त्यामुळे मला थोडा अभिमानच वाटला.

आमचं घर गोव्यात, डिचोलीला. पप्पा मूळचे सावंतवाडीकडचे. पाळी गावाच्या बाजूला खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रकच्या कामावर आले आणि इथलेच झाले. आई पेडण्यातल्या कोरगावची. घरात पप्पांची मराठी, आईची बोली आणि शाळेतून आलेलं माझं इंग्रजी अशा तीन भाषा. ह्या तिन्हींमधून मी मुख्यतः गप्प राहायला शिकले. पाहुणे आले की मी हसते. त्यांना वाटतं, मुलगी शांत आहे. खरं म्हणजे कुठल्या भाषेत उत्तर द्यायचं हे ठरेपर्यंत पुढचा प्रश्न आलेला असतो.

त्या वर्षी पावसाळा संपत आला तेव्हा मामा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आपल्या मुलीकडे जायला निघाला. मामी जाणार नव्हती, कारण तिला गाडी लागते. घाट सुरू झाला की ती डोळे मिटून देवांची नावं घेते, आणि पहिल्या दोन वळणांनंतर देवांचाही उपयोग होत नाही. म्हणून आईने मला तिच्या सोबतीला कोरगावला पाठवलं. लॅपटॉप कुठेही चालतो, असं आई म्हणाली. तिथे तरी ही चार शब्द बोलेल, असं तिच्या मनात होतं.

मामाच्या घरामागे, विहिरीकडे जाताना, मामीचं आंब्याचं झाड आहे. मानकुराद. मामीचं असं मी मुद्दाम म्हणते. तिचं माहेर नार्व्याचं, नदीकाठचं. तिथल्या झाडावरून बांधलेलं कलम तिने बसमधून मांडीवर घेऊन आणलं होतं, एका हाताने ते सावरत आणि दुसऱ्या हाताने तोंडावर पदर धरून. पुढे नार्व्याचं मूळ झाड वादळात आडवं झालं. त्या आंब्याचं आता एवढंच उरलं आहे.

सुरुवातीची काही वर्षं त्याने आंबे दिले. मग देईनासं झालं. दर वर्षी हिरवंगार, भरगच्च, आणि मोहोराचा पत्ता नाही. विमानतळ झाल्यापासून पेडण्यात भाड्याने खोल्या शोधणारे वाढले आहेत, आणि मामाच्या परसात खोल्या बांधण्याजोगी सपाट जागा त्या झाडाखालची तेवढी एकच. पुण्याला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी तिथे पोचले, तेव्हा तो काठी टेकत झाडाखाली उभा होता. झाडालाच ऐकवावं तसं तो म्हणाला, "औंदा मोहोर येवक नाय, तर शिमग्यानंतर कापतलंय. दोन खोल्यो बांधून मोकळो."

"भाडेकरू काय मानकुराद देतले?" मामीने विचारलं.

"भाडां देतले. ह्या काय देता? पानां."

तांदूळ धुतलेल्या पाण्याची बाल्दी मामीने उचलली, झाडाच्या बुंध्याशी ओतली आणि रिकामी बाल्दी मामाच्या पायांपाशी जरा जोरातच ठेवली.

मी तिथल्या तिथे ठरवलं की हे झाड मी वाचवणार. लाजऱ्या माणसांचे निर्णय फार झटपट होतात, कारण ते कुणाला सांगावे लागत नाहीत.

मामा गेल्यावर मी तपास सुरू केला. सामानाच्या खोलीत युरियाची अर्धी गोणी सापडली, आणि तिच्यावर उपडा घातलेला रंगाचा जुना डबा. मामीने सांगितलं की दर वर्षी पाऊस ओसरला, दसऱ्याची झेंडूची फुलं बाजारात आली, की मामा हा डबा भरून झाडाला घालतो. आंबे कमी झाले तेव्हापासून तर न चुकता. मला हवं ते मिळालं. आरोपी सापडला होता. पांढरा, रासायनिक आणि गोणीतला.

"मामी, हे विष आहे," मी म्हणाले. एवढं ठाम वाक्य मी माणसांसमोर क्वचितच बोलते, पण मामी एकटीच होती.

तिने गोणीत हात घालून थोडा युरिया तळव्यावर घेतला. "शाबुदाण्यासारखो दिसता."

मग मी तिला सगळं समजावलं. युरियातला नायट्रोजन झाडाला एकदम मिळतो आणि आमच्या पावसात तितक्याच लवकर वाहून जातो. गांडुळं कमी होतात. माती आंबट होते. शेणखतातला, पेंडीतला नायट्रोजन मात्र हळूहळू सुटतो, माती भुसभुशीत राहते, ओल धरून राहते. ह्यातलं फारसं काही खोटं नव्हतं, हेच वाईट. मी पिशवीची पाठ तोंडपाठ म्हणत होते आणि पिशवीवर महिना लिहिलेला नसतो.

मामीने शांतपणे ऐकून घेतलं. "नार्व्याक कोण काय घालता?" ती म्हणाली. "नदीच गाळ हाडून घालता. हयसर नुसतो फातर, दगड. झाडाक पांढरा काय आणि काळा काय, पोटात गेल्यार एकच न्हय गो?"

आता मागे वळून बघते तेव्हा कळतं की ते वाक्य माझ्या सगळ्या व्याख्यानापेक्षा बरं होतं. मुळं शेवटी जो नायट्रोजन उचलतात तो कुठून आला हे विचारत नाहीत. त्या वेळी मला तिच्या अज्ञानाची दया आली.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटर घेऊन पेडण्याच्या बाजारात गेले. खत विकणाऱ्या दुकानासमोरून दोनदा गेले, कारण आत गिऱ्हाईक होतं. तिसऱ्यांदा दुकान रिकामं दिसलं तेव्हा उतरले. काय मागायचं ते मी वाटेत तयार केलं होतं, पण इंग्रजीत. दुकानदाराने वर बघितल्याबरोबर मी म्हणाले, "ऑरगॅनिक नायट्रोजन सोर्स आहे?"

त्याने विचारलं, "सारं जाय?"

मी दचकले. दुकान मोठं होतं. "नको, नको," मी म्हणाले. "सारं नको. थोडंच. एकाच झाडासाठी आहे."

त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या स्कूटरकडे पाहिलं. "एकाच झाडाक," तो स्वतःशीच म्हणाला, आणि कोंबडीखताची एक गोणी आणि निंबोळी पेंडीची पिशवी पुढे ढकलली. गोणी मी पायांमध्ये ठेवून आणली. वाटेत ज्यांनी ज्यांनी मला ओव्हरटेक केलं त्यांनी मागे वळून बघितलं. डिचोलीत मला एवढं कुणी बघत नाही.

मामाचा फोन त्याच संध्याकाळी आला. मामी गेटाजवळ पोदेराशी भांडत होती, पाव कालचे आहेत म्हणून. घरात नेटवर्क फक्त स्वयंपाकघराच्या जनेलाशी, म्हणजे खिडकीशी येतं, म्हणून मी तिथे जाऊन उभी राहिले. मामाचा आवाज येत-जात होता.

"बाय, मामीक सांग, सारं घालू नकात. आयकता मगो?"

"हो मामा."

"औंदा सारं घालू नकात. कितां पण जांव."

"नाही घालणार मामा. सारं नाही."

"हां. सारं ना," तो समाधानाने म्हणाला. आमचं दोघांचं इतकं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं.

मामी पाव घेऊन आत आली तेव्हा मी निरोप दिला. तो तसाच्या तसा दिला असता तरी निभावलं असतं. पण मला निरोप नीट, शुद्ध भाषेत द्यायची सवय आहे. शाळेत आम्हाला घरच्या बोलीतलं काही सांगायचं झालं की ते आधी स्वच्छ करून घ्यायला शिकवलं होतं. मामाचं 'सारं' मला जरा गावंढळ वाटलं. मी त्याचं 'सगळं' केलं.

"मामी, मामा म्हणाला, ह्या वर्षी सगळं घालू नका."

"सगळां घालू नकात?" मामीने पावांची पिशवी खाली ठेवली. "म्हणजे काय करूचा?"

"म्हणजे अर्धं घालायचं."

"अर्धां? त्येंच्या तोंडातसून अर्धां?" मामाने आयुष्यात कुठलीच गोष्ट अर्धी केलेली तिला आठवत नव्हती. भातही तो दोनदा घेतो. "पुण्याचां पाणी लागलां दिसता," ती म्हणाली.

मला मात्र त्यात मामाचा मोठेपणा दिसला. त्याला नक्की कळलं असणार की मी सेंद्रिय खत आणलं आहे. म्हणून त्याने मधला मार्ग काढला: तुझं अर्धं, माझं अर्धं, दोन्ही मिळून सारं होऊ देऊ नका. मी ह्या तडजोडीने इतकी हेलावले की युरियाविषयीची माझी तत्त्वं त्या रात्रीपुरती बाजूला ठेवली. रासायनिक आणि सेंद्रिय ह्यांच्यातलं भांडण जगात कुठे मिटलं असेल तर ते कोरगावला, एका गैरसमजावर.

सकाळी आम्ही कामाला लागलो. खत बुंध्याशी घालायचं नसतं, फांद्यांच्या टोकांखाली गोल चर खणून त्यात घालायचं, हे मला माहीत होतं, कारण हे वाक्यही माझंच होतं. लिहिताना मी 'हलकेच चर काढा' असं लिहिलं होतं. कोरगावच्या जांभ्या दगडात हलकेच काहीही निघत नाही. मी कुदळ मारायची आणि कुदळ टणकन माझ्याकडे परत यायची. विहिरीकडच्या बाजूने सुरुवात केली. घराच्या बाजूपर्यंत आले तेव्हा तळहातांना फोड आले होते. पलीकडची, गडग्याकडची, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीकडची बाजू तशीच राहिली. तिथे नुसता कातळ आहे, असं मी मामीला सांगितलं. कातळ आहे की नाही ते मी बघितलंच नव्हतं.

मग चरात शेण पडलं, राख पडली, निंबोळी पेंड पडली, कोंबडीखत अर्धी गोणी, आणि मामाचा अर्धा डबा युरिया, जो मी स्वतः समान पसरला. अर्धं, अर्धं असं म्हणत आम्ही त्या झाडाला मामाच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त खायला घातलं. वरून माती ओढली. लगेच परतीचा पाऊस आला, गडगडाट करून तासभर पडला आणि सगळं नीट मुळांपर्यंत पोचवून गेला. जनेलातून बघताना मला वाटलं, निसर्गही आपल्या बाजूने आहे.

पुढचे आठवडे मी झाडाखाली खुर्ची टाकून काम करायची. डिसेंबरच्या सुमारास एका सकाळी वर बघितलं तर प्रत्येक फांदीच्या टोकाला तांबूस, चकाकतं, नाजूक काहीतरी फुटलं होतं. मोहोर! मी आंब्याचा मोहोर पूर्वी पाहिला नव्हता असं नाही. पण पाहिला होता तो खालून, चालत्या स्कूटरवरून, आणि तेव्हा मी बहुतेक स्वतःविषयी विचार करत होते.

मी फोटो काढले. नातेवाइकांच्या ग्रुपवर मी एरवी वाढदिवसालासुद्धा नुसता अंगठा टाकते. त्या दिवशी मी लिहिलं: मोहोर आला!!! तीन उद्गारचिन्हं. त्याखाली सेंद्रिय खताविषयी एक परिच्छेद. युरियाच्या अर्ध्या डब्याचा उल्लेख लिहायचा राहून गेला. मग झाडासोबत स्वतःचा फोटो काढायला मी फोन चौथऱ्यावर टेकवून उभी राहिले. तेवढ्यात मामी मागे येऊन थांबली. ती बराच वेळ वर बघत होती.

"बरी दिसता," ती म्हणाली.

"थँक्यू मामी," मी म्हणाले.

ती तशीच आत गेली. मोहोर 'बरो' दिसला असता, 'बरी' नव्हे. बरी दिसत होती ती पालवी. त्या एका वेलांटीत मामीने मला सगळं सांगितलं होतं, आणि मी ते माझं कौतुक समजून घेतलं.

मामाचा फोन आला तेव्हा मी अभिनंदनासाठी तयार होऊन जनेलाशी गेले. मामी चुलीपाशी होती. मी स्पीकर लावला.

"बाय, तो मोहोर न्हय," मामा म्हणाला. "पालवी ती. नवी पानां. तुमी सारं घातलां काय?"

"नाही मामा. सारं नाही घातलं."

"खरां सांग."

"खरंच. अर्धंच घातलं."

मला वाटलं नेटवर्क गेलं.

"अर्धां सारं घातलां?" मामाने हळू विचारलं.

"हो. तू म्हणालास ना, सारं घालू नका."

"बाय," मामा म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम डॉक्टरसारखा सावकाश झाला, "सारं म्हणजे तुका काय कळता?"

"सारं म्हणजे... सगळं."

मागे मामेबहिणीच्या हसण्याचा आवाज आला, आणि तो दुसऱ्या खोलीत जाईपर्यंत येत राहिला. चुलीपाशी मामी कपाळाला हात लावून बसली होती. "सारं म्हणजे खत गो," ती म्हणाली. "सारें! आमच्या हयसर खताक सारें म्हणतत!"

म्हणजे मामाने सांगितलं होतं, ह्या वर्षी खत घालू नका. दुकानदाराने विचारलं होतं, खत हवंय? आणि मी त्याला सांगितलं होतं की सगळं दुकान नको. मला ते दुकान त्या क्षणी पुन्हा डोळ्यांसमोर दिसलं. आईला फोन केला तर तिचं पहिलं वाक्य, "तू गोंयात जन्मलंस मगो?" मी म्हणाले, पप्पा खत म्हणतात. मामीसुद्धा कधी नुसतं सारें म्हणत नाही, शेण म्हणते, राख म्हणते, युरिया म्हणते. कंपनी फर्टिलायझर म्हणते. आई म्हणाली, "आणि तू काय म्हणतंस? काय पण विचारून घेवक तोंड नाय तुका?" ते मात्र खरं होतं.

मामीने जेवताना झाडाचं नाव काढलं नाही. तिने मला रागावलं असतं तर बरं झालं असतं. मी आता शोधून वाचलं, पाऊस सरल्यावर नायट्रोजन मिळाला की आंबा मोहोर विसरतो आणि पानं काढत बसतो. नायट्रोजन म्हणजे पानं. हे कुणी लिहिलं होतं? मोहोर येणार नव्हता, शिमगा येणार होता, आणि नार्व्याचं जे काही उरलं होतं ते मी स्वतःच्या हाताने, समान पसरून, संपवलं होतं.

दुपारी मी खुरपं घेऊन चर उकरायला बसले. निदान कोंबडीखत तरी निघेल असं वाटलं. मामी विहिरीवरून येताना थांबली.

"काय करतंस?"

"बाहेर काढते."

"पोटात गेलेला बाहेर काढतंस? ता काय घाटातली बस आसा?" ती म्हणाली, आणि मला हाताला धरून उठवलं.

मामा जानेवारीत परत आला. गाडीतून उतरल्यावर तो घरात गेलाच नाही. काठी टेकत थेट परसात गेला. मामी मागच्या दारात उभी राहिली आणि मी तिच्या मागे, जितकी मागे राहता येईल तितकी. झाड देखणं होतं. गर्द, तुकतुकीत, एकही पान पिवळं नाही. माझ्या कंपनीने पिशवीवर छापावं असं.

"अशी पानां मी कधी बघूक नाय," मामा म्हणाला. त्याने बुंध्यावर काठी टेकवली. "कापूक मनीस सांगून ठेवलोसा."

तेव्हा मी पुढे आले. आयुष्यातलं माझं सर्वांत लांब भाषण मी तिथे केलं, आणि ते कुठल्या भाषेत केलं हे मला अजून नक्की सांगता येत नाही. मी म्हणाले की झाडाची चूक नाही, चूक माझी आहे. झाडात काही दोष असता तर त्याने पालवीसुद्धा काढली नसती. पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या वेळेला, त्याला नायट्रोजन दिला, म्हणून त्याने पानं काढली. ते बिचारं दुसरं काय करणार? त्या वेळी नायट्रोजन दिला की कुठलाही आंबा पानंच काढतो, मग तो शेणातून द्या नाही तर...

"थांब," मामी म्हणाली. "परत सांग. दसऱ्याच्या वेळार दिलो की पानां येतत?"

"हो."

"मोहोर येणां नाय?"

"नाही येत."

"आणि तो नायट्रोजन युरियात असता?"

"युरियात तर सगळ्यात जास्त," मी उत्साहाने म्हणाले. इतक्या दिवसांनी कुणीतरी माझ्या विषयातलं विचारत होतं.

मामी दोन पायऱ्या उतरून खाली आली. "आणि दर वर्सा, दसऱ्याक, डबो भरून कोण घालता?"

मामाने बुंध्यावरची काठी काढली आणि तिचं टोक निरखून बघितलं.

माझ्या तेव्हा लक्षात आलं की मी काय बोलून गेले. मामीला बहुधा ते आधीच, चुलीपाशी बसल्या बसल्या लक्षात आलं होतं. तिला फक्त ते कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं, तेही झाडाखाली.

"म्हणान तर फोन केललंय," मामा पुटपुटला. पुण्याला बिछान्यावर पडल्या पडल्या त्याने मोबाइलवर आंब्याचे व्हिडिओ बघितले होते. त्यात कुणीतरी हेच सांगितलं होतं.

"फोनार 'सारं घालू नकात' इतक्याच म्हणालात," मामी म्हणाली. "'इतकी वर्सां मियां घातलंय, म्हणान तुझ्या झाडाक आंबो नाय', ह्या म्हणूक नाय. माझ्या माहेराक नावां ठेवलात. फातर म्हणालात. वांझ म्हणालात."

मामाने माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी आलं.

"औंदा कापूक येवचा नाय," त्याने जाहीर केलं. "ह्या बायन झाडाचां वर्स फुकट घालवलां. झाडाचो दोष नाय. फुडल्या वर्सा कोणी कायएक घालूचा नाय. मगे बघया."

मी मान डोलावली. तेव्हापासून कोरगावात कुणी विचारलं की ह्या झाडाला आंबे का नाहीत, तर मामा माझं नाव सांगतो, आणि डिचोलीच्या शाळेचंही. मी हरकत घेत नाही. खोल्यांचं काय करायचं ते पुढे बघू, असं तो म्हणतो. युरियाची गोणी मामीने शेजाऱ्याला देऊन टाकली, नारळांसाठी, आणि रंगाच्या डब्यात आता ती कोथिंबीर लावते.

शिमग्याच्या आधी तिचा मला फोन आला. मी डिचोलीला परतले होते. गडग्याकडच्या एका फांदीला मोहोर आला होता. खरा, 'बरो'. झाडाच्या बाकी सगळ्या बाजू हिरव्या, आणि तेवढीच एक फांदी तुऱ्यांनी भरलेली.

"ती बाजू तू खणूक नाय मगो?" तिने विचारलं. "कातळ आसा म्हणालंस."

"मामी, कातळ नव्हता. माझ्या हातांना फोड आले होते."

ती इतकी हसली की तिला फोन मामाकडे द्यावा लागला. मामाने विचारलं काय झालं, आणि तिला ते सांगताही येईना.

मे महिन्यात आई कोरगावला गेली तेव्हा मामीने वर्तमानपत्रात गुंडाळून एक आंबा माझ्यासाठी पाठवला. निरोप होता, तुझ्या आळसाचो आंबो. आईने तो निरोप जसाच्या तसा दिला, त्यात काही शुद्ध केलं नाही. आंबा पिवळाधमक होता, देठाशी जरा हिरवट, आणि वास वर्तमानपत्रातून घरभर पसरला होता. अर्धा पप्पांसाठी ठेव, असं आई आतून म्हणाली. मी मोरीपाशी उभी राहून सुरी न घेता तो खायला लागले, आणि सारा खाल्ला.